घर कोणाच्या घामाचे?

परदेशांतील ख्रिस्ती मंडळी सुटीच्या दिवसांत पदरचा खर्च करून दूरच्या देशी जातात, आणि तेथील गरीब कुटुंबांसाठी आठ-पंधरा दिवस राबून घरे उभारतात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. कोणी मेक्सिकोत जातो, कोणी आफ्रिकेत, कोणी आपल्याकडेही येतो. हातात थापी घेतलेल्या त्या पाहुण्यांची छायाचित्रे पाहून आमच्या वाचक कुटुंबांच्या मनात दोन विचार उभे राहत असतील. पहिला असा की, 'धन्य ही माणसे! स्वतःच्या घरी सुखात राहावयाचे सोडून परक्याच्या घरासाठी उन्हात घमेली वाहतात.' आणि दुसरा, जो आपण सहसा बोलून दाखवीत नाही, तो असा की, 'आमच्या गावात काय गवंडी नाहीत? समुद्र ओलांडून येणाऱ्या माणसाने विटा का रचाव्यात?'

हे दोन्ही विचार खरे आहेत, असे आम्हांस वाटते. त्यांतील एकाने दुसऱ्यास गप्प बसवू नये. आजच्या लेखात या दोहोंचा मेळ कसा घालावा, हेच आम्ही पाहणार आहोत. तो मेळ घालण्यासाठी आम्ही डोळ्यांपुढे एक ठिकाण ठेवतो. ते म्हणजे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील लोधीखेडा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथे संत्र्यांच्या बागा आहेत, कपाशीची शेते आहेत, आणि त्या बागांत व शेतांत मजुरीस जाणाऱ्या माणसांची मातीच्या भिंतींची, कवेलूंनी शाकारलेली घरे आहेत. मृगापूर्वी कवेलू चाळून बदलावयाची राहिली, की पावसाळाभर घरात कोठे पातेले, कोठे बादली ठेवावी लागते, हे तेथील गृहिणीस कोणी सांगावयास नको. अशा एखाद्या घरासमोर उद्या दूर देशीचे पाहुणे येऊन 'आम्ही तुम्हांस घर बांधून देतो' असे म्हणाले, तर त्या घरातील माणसांनी काय म्हणावे, आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने काय करावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

प्रथम ही प्रथा आली कोठून ते पाहू. अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात अमेरिकस नावाचे गाव आहे. त्याच्या जवळ १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन या बाप्टिस्ट उपदेशकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'कोइनोनिया' नावाची शेती-वसाहत स्थापिली. कोइनोनिया हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सहभागिता असा आहे. पहिले ख्रिस्ती लोक आपले सर्वस्व सामाईक ठेवीत, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्याच कित्त्यावर ही वसाहत बेतलेली होती. गोरे व काळे तेथे एका पंगतीस बसत. त्या प्रांतात त्या काळी ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती. वसाहतीच्या मालावर बहिष्कार पडला, घरांवर गोळ्याही झाडल्या गेल्या. तथापि जॉर्डन तेथून हलला नाही.

पुढे मिलर्ड फुलर नावाचा एक वकील तेथे आला. तिशी गाठण्यापूर्वीच त्याने व्यापारात अमाप पैसा मिळविला होता. परंतु पैसा वाढत गेला तसतसा संसार विसकटत गेला. शेवटी नवरा-बायको दोघांनी मिळून आपली संपत्ती दानधर्मात देऊन टाकण्याचे ठरविले. जॉर्डन व फुलर यांनी विचार केला की, गरिबास भीक नको, भांडवल हवे. उपकारकर्ता नको, भागीदार हवा. म्हणून घर बांधून द्यावे, पण फुकट देऊ नये. त्यावर नफा घेऊ नये, व्याजही घेऊ नये. कुटुंबाने बांधकामात स्वतः राबावे, खर्च लहान लहान हप्त्यांनी फेडावा, आणि परत आलेल्या त्या पैशांतून दुसऱ्याचे घर उभे राहावे. पहिले घर पुरे होत असतानाच, १९६९ साली, जॉर्डनचे निधन झाले. फुलर पतिपत्नी १९७३ साली आफ्रिकेतील झाईर देशात गेली आणि तीन वर्षे तेथे राहून त्यांनी हीच रीत चालवून पाहिली. परत आल्यावर १९७६ साली त्यांनी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. आज परदेशी जाऊन घरे बांधणाऱ्या मंडळींत हे नाव सर्वांत अधिक ऐकू येते.

आपल्या देशात या संस्थेचे काम १९८३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम येथे सुरू झाले. महाराष्ट्रात तिचे नाव घरोघर गेले ते मात्र २००६ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या आरंभी लोणावळ्याजवळ मळवली येथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आपल्या पत्नी रोझलिन यांच्यासह आले. कार्ल्याच्या व भाज्याच्या लेण्यांना जाणारे प्रवासी ज्या लहानशा स्टेशनावर उतरतात, तेच हे मळवली. देशोदेशींचे व आपल्या देशातले मिळून सुमारे दोन हजार स्वयंसेवक तेथे जमले, आणि एका आठवड्यात शंभर घरांचे काम त्यांनी हाती घेतले. नामांकित सिनेनटही विटा उचलावयास आले होते. वर्तमानपत्रांनी त्यांचीच छायाचित्रे अधिक छापली, हे जगरहाटीस धरूनच झाले.

कार्टर तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीपासून त्यांनी या कामास आरंभ केला, आणि पुढे पस्तीसहून अधिक वर्षे दरसाल एक आठवडा ते सुताराची हत्यारे घेऊन असे राबत राहिले. चौदा देशांत त्यांचे हात लागले. प्लेन्स या आपल्या लहान गावी ते रविवारच्या शाळेत शास्त्र शिकवीत. २०२३ साली रोझलिनबाई वारल्या, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाची शंभर वर्षे पूर्ण केलेले कार्टर प्रभूच्या घरी गेले. ते आपल्या पंथाचे नव्हते. तथापि सत्ता गेल्यावर हातात हातोडा घेणारा राज्यकर्ता विरळाच, आणि सुताराच्या घरी वाढलेल्या आपल्या प्रभूला ते हातकाम रुचले असेल, यात आम्हांस शंका वाटत नाही.

आता मळवलीच्या कामातील ग्राह्यांश कोणता? शंभर घरे हा आकडा मोठा दिसतो. परंतु ज्या देशात घराविना किंवा पडक्या घरात राहणारी कोट्यवधी माणसे आहेत, तेथे शंभर म्हणजे समुद्रातील थेंब. दोन हजार माणसांच्या प्रवासाचा खर्च मांडला, तर आणखी कितीतरी घरे झाली असती, असे कोणीही गणित करून सांगेल. तरीही त्या कामात एक गोष्ट मोलाची होती. ज्याचे घर, तो बाजूला खुर्चीवर बसून पाहत नव्हता. घरमालकाने राबले पाहिजे व घराचा खर्च फेडला पाहिजे, हा हॅबिटॅटचा मूळ नियम आहे. एकाच भिंतीच्या एका बाजूस परदेशचा पाहुणा आणि दुसऱ्या बाजूस त्या घरात उद्या चूल पेटविणारी बाई. दोघांच्या कपाळावर सारखाच घाम. ही बरोबरी त्या भिंतीपेक्षा अधिक काळ टिकते.

परंतु सर्वच मंडळी अशी रीत पाळीत नाहीत, आणि म्हणूनच या प्रथेवर कठोर टीकाही झाली आहे. ती टीका करणाऱ्यांत आपलेच एक धर्मगुरू अग्रभागी होते. इव्हान इलिच हे त्यांचे नाव. मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळी सेवेस जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एप्रिल १९६८ मध्ये भाषण केले. ते ऐकून सभा अवाक् झाली असेल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : तुम्हांस त्या लोकांची भाषा येत नाही, तुम्ही तेथे काय बिघडविता हेही तुम्हांस कळत नाही, आणि ज्यांच्यावर तुम्ही उपकार करू पाहता त्यांना तुम्हांस 'नको' म्हणण्याची सोयही नाही. यावयाचे तर पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढा, फुले पाहा. पण उद्धार करावयास येऊ नका.

हे शब्द कडू आहेत. तथापि पुढे तीस वर्षांनी घडलेल्या एका गोष्टीने त्यांतील तथ्य अंकांनी दाखविले. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर 'मिच' नावाचे भयंकर चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर कोसळले. होंडुरास देशात हजारो घरे वाहून गेली. उत्तर अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळांतून तुकड्यांमागून तुकड्या घरे बांधावयास तेथे गेल्या. केल्विन कॉलेजातील अध्यापक कर्ट व्हेर बीक यांनी मागाहून या कामाची चौकशी केली. स्थानिक कारागिरांकडून बांधून घेतलेल्या घरास सुमारे दोन हजार डॉलर लागत होते. परदेशी तुकडीने येऊन बांधलेल्या तशाच घरामागे, तिचा प्रवासखर्च धरता, सुमारे तीस हजार डॉलर पडत होते. म्हणजे एका घराच्या खर्चात पंधरा घरे झाली असती. चौकशीत आणखी असे दिसून आले की, पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणारे व स्थानिकांनी बांधलेल्या घरात राहणारे यांच्या सुखात व समाधानात काहीच अंतर नव्हते. आणि जे राबावयास गेले होते, त्यांच्या पुढील आयुष्यातील दानधर्मातही म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. 'मी अगदी बदलून आलो' असे ते आल्या आल्या सांगत. परंतु वर्ष उलटल्यावर त्यांची कृती पूर्वीसारखीच राही.

कोणी म्हणेल, 'हे झाले परदेशचे. आमच्या मराठी मुलखाचा अनुभव काय आहे?' तोही पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती नुकतेच बोळवून गावे झोपलेली असताना, लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसे दगावली. भूकंपाच्या मानाने प्राणहानी फार मोठी झाली. कारण तेथील घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या, आणि माळवदावर मातीचा भार होता. ते सारे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. त्या वेळी देशातून व परदेशांतून मदतीचा ओघ लोटला. आपल्या ख्रिस्तसभेच्या संस्थाही धावून गेल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. दात्यांनी गावे दत्तक घेतली. सिमेंट-काँक्रीटची घरे सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांवर ओळीने उभी राहिली.

घरे भक्कम होती; यासाठी आपण दात्यांचे ऋणी राहिले पाहिजे. परंतु शेतकऱ्याच्या घरात औते कोठे ठेवावयाची, गुरे कोठे बांधावयाची, भाऊबंदांनी एकमेकांच्या शेजारी कसे राहावयाचे, बायकांनी दुपारी कोठल्या सावलीत निवडण-टिपण करावयाचे, हे नकाशा काढणाऱ्यांपैकी अनेकांनी विचारलेच नव्हते. पुढे लोकांनी त्या घरांना आपापल्या रीतीने पडव्या व छपऱ्या जोडून घेतल्या. याच्या उलट, ज्या गावांत घरे तडकली होती पण पडली नव्हती, तेथे शासनाने दुसरी रीत धरली. कुटुंबाला पैसे व सामान दिले, अभियंत्याचा सल्ला दिला, आणि दुरुस्ती व मजबुती ज्याची त्याने करावी असे ठरविले. लाखाहून अधिक घरांचे काम या रीतीने झाले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. सिमेंट किती, लोखंड किती, गवंडी नीट काम करतो की नाही, हे त्या पाहू लागल्या. ज्या बाईने पूर्वी चावडीपुढून जाताना पदर सरळ केला असता, ती आता अभियंत्याला प्रश्न विचारू लागली. घर बांधता बांधता माणूस बांधला गेला तो असा.

यावरून कोणी असे समजू नये की, परक्याने येऊच नये. परका कसा येतो, यावर सारे आहे. मळवलीच्या कार्टरांच्या मातुश्रींचेच उदाहरण घ्या. लिलियन कार्टर या परिचारिका होत्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, अमेरिकेच्या शांतिसेनेतून त्या मुंबईस आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात त्यांनी सुमारे दोन वर्षे रुग्णसेवा केली. वय झालेली ती बाई परक्या भाषेत, परक्या अन्नावर, घरच्यांपासून हजारो कोस दूर राहिली. लेकाने एक आठवडा भिंत बांधली हे आपण वाचतो; आईने दोन वर्षे जखमा धुतल्या हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण लॉरी बेकर यांचे. हा इंग्रज क्वेकर वास्तुकार १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आपल्या देशात आला. हिमालयातील पिथोरागढच्या बाजूस त्याने अनेक वर्षे काढली, आणि तेथील खेडुतांची घरे पाहून आपली शाळेतली विद्या अपुरी आहे असे त्याने ओळखले. दगड, माती, चुना, लाकूड हे हाताशी असलेले सामान स्थानिक गवंडी कसे वापरतात, हे तो त्यांच्यापासून शिकला. पुढे केरळात त्याने हीच विद्या गरिबांच्या घरांसाठी वापरली. विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचावयाच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि घर उन्हाळ्यात थंड राहते. या बांधणीचा त्याने पुष्कळ प्रसार केला. १९८९ साली त्यास भारताचे नागरिकत्व मिळाले, आणि २००७ साली येथेच त्याने देह ठेवला. तोही परकाच होता. परंतु तो शिकवावयास येऊन शिकत राहिला, आणि पाहुणा म्हणून येऊन घरचा झाला.

या सर्व गोष्टींचा निवाडा करण्यासाठी आम्हांस शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्ताहून चांगले माप सापडत नाही. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसापाशी तो थांबला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने पट्ट्या बांधल्या, हे आपण सर्व जाणतो. परंतु दृष्टान्त तेथे संपत नाही. त्याने त्या माणसास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदारास दोन दिनार दिले, याची काळजी घे म्हणून सांगितले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे वचनही दिले. म्हणजे त्याने तीन गोष्टी केल्या. स्वतःच्या हाताने सेवा केली. पुढची सेवा तेथल्याच माणसावर विश्वासाने सोपविली व तिचा खर्च दिला. आणि परत येईन असे सांगितले. जे केवळ तेल-द्राक्षारस ओततात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात, ते दृष्टान्ताचा पहिला भागच वाचतात. रखवालदाराचे मोल ज्याला कळले, त्याला दृष्टान्त पुरता कळला. होंडुरासातील पंधरा घरांचे गणित हे त्या दोन दिनारांचेच गणित आहे.

आणि आणखी एक. शोमरोन्याने जखमी माणसास 'तू कोणत्या धर्माचा?' असे विचारले नाही. उतारशाळेत ठेवताना कोणतीही अट घातली नाही. मध्य प्रदेशात १९६८ पासून, आणि नव्या रूपात २०२१ पासून, आमिष दाखवून धर्मांतर करण्यास मनाई करणारा कायदा आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कायदा नसता तरी आपला धर्म हेच सांगतो. घर हे दान आहे. ते देवळाच्या दाराशी बांधलेले दावे नव्हे. ज्या दानाच्या मागे अट आहे, त्यास प्रीती म्हणता येत नाही. गरिबाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याची मान वाकविली, तर ती देवापुढे वाकलेली मान नसते. म्हणून दात्यांनी कुटुंब निवडताना गरज पाहावी, आणि घर दिल्यावर कृतज्ञतेचीही वसुली करू नये.

आता आपण पुन्हा लोधीखेड्याच्या बाजूस येऊ. तेथे घर बांधावयाचे झाले, तर काय काय जाणावे लागेल? पहिली गोष्ट जमिनीची. या मुलखात कपाशीची काळी माती पुष्कळ आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडा जातो. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. ही गोष्ट विमानाने आलेल्या पाहुण्यास कशी कळावी? गावच्या गवंड्यास ती वडिलांपासून ठाऊक असते. दुसरी गोष्ट कागदाची. ज्या जागेवर घर उभे राहणार, तिचा पट्टा कोणाच्या नावे आहे, हे न पाहता बांधलेले घर भांडणाचे मूळ ठरते. पतीबरोबर पत्नीचेही नाव कागदावर असावे. विधवेला दारू पिणाऱ्या दिराच्या दयेवर राहण्याची पाळी त्याने टळते. तिसरी गोष्ट पैशाची. प्रधानमंत्री आवास योजनेतून खेड्यातील पात्र कुटुंबास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात, आणि घर निदान पंचवीस चौरस मीटरचे असावे असा नियम आहे. परंतु हप्ता येतो काम पुढे सरकल्यावर; आणि मजुरीवर जगणाऱ्याजवळ काम पुढे सरकविण्यास हातात पैसा नसतो. जोते झाले, भिंती कमरेएवढ्या आल्या, आणि पुढे सारे अडले, अशी घरे अनेक गावांत दिसतात. कोणी सावकाराकडे जातो, आणि घरावर छप्पर येण्यापूर्वी डोक्यावर कर्ज येते.

येथेच, वाचकहो, आमच्या कुटुंबांचे काम आहे. त्यासाठी पारपत्र लागत नाही, विमानाचे तिकीट लागत नाही. परदेशी मंडळी जे करण्यास सातासमुद्रांपलीकडून येतात, त्यातील उत्तम अंश आपण पायी चालत जाऊन करू शकतो. कसे, ते सांगतो.

ज्यांच्या घरी शिकलेली मुले आहेत, त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याचा घरकुलाचा अर्ज भरून द्यावा. या मराठी पट्ट्यात घरची बोली एक आणि कचेरीची भाषा दुसरी. बँकेचे खाते, आधार कार्ड, नावांतील एका वेलांटीचा फरक, यांत कित्येकांचे हप्ते अडतात. तो अर्ज नीट भरणारा मुलगा एक वीटही न उचलता घर बांधतो. ज्यांचे हात चालतात, त्यांनी शनिवारी सायंकाळी किंवा मिस्सेनंतर एखाद्या दिवशी पाया खणावयास, विटा वाहावयास, भिंतींवर पाणी मारावयास जावे. नव्या बांधकामास काही दिवस पाणी मिळाले नाही तर सिमेंट कच्चे राहते, आणि मजुरीस गेलेल्या कुटुंबाच्या घरी दुपारी पाणी मारावयास कोणी नसते. ते काम शाळकरी मुलेही करतील. ज्यांच्या गाठीस थोडा पैसा आहे, त्यांनी दोन हप्त्यांच्या मधली अडचण निघेल एवढी रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी, आणि परत आली की ती दुसऱ्याच्या घराकडे वळवावी. जॉर्डन व फुलर यांनी जे केले ते याहून वेगळे नव्हते. धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने उपवासकाळात चहा-साखरेतून वाचविलेले पैसे एका पेटीत टाकले, तरी अशा उसनवारीस आरंभ करता येईल.

आणि उद्या परदेशचे किंवा मुंबई-नागपूरचे पाहुणे खरोखरच मदतीस आले, तर त्यांचा आनंदाने सत्कार करावा. त्यांचा हात झिडकारू नये. कारण माणसाने माणसाच्या घरी येणे हीही देवाचीच देणगी आहे. परंतु त्यांना आपण नम्रपणे दोन गोष्टी सांगाव्यात. एक अशी की, मिस्त्री आमचा राहू द्या. तुम्ही त्याच्या हाताखाली काम करा, म्हणजे त्याची मजुरी बुडणार नाही आणि भिंत ओळंब्यात राहील. दुसरी अशी की, घराच्या धनिणीला आधी विचारा. चूल कोठे हवी, खिडकी कोठे हवी, देवाचा कोनाडा कोठे हवा, हे तिला ठरवू द्या. जो पाहुणा हे ऐकून घेईल, तो आपल्या देशी परत जाताना काहीतरी घेऊन जाईल. आणि जो ऐकणार नाही, त्याच्या विटा आपण घेतल्या तरी त्याचा उपदेश घेण्याचे कारण नाही.

जुन्या करारात नहेम्याचे चरित्र आहे. यरुशलेमचा कोट पडला होता. नहेम्या राजाची परवानगी व लाकूडसामान घेऊन दूरच्या शूशन राजवाड्यातून आला, तेव्हा तोही एका परीने परदेशातून घर बांधावयास आलेला माणूसच होता. त्याने येताच हुकूम सोडले नाहीत. रात्री गुपचूप फिरून पडलेल्या भिंती पाहिल्या, आणि मग लोकांना हाक दिली. पुढच्या अध्यायात नावांची लांबच लांब यादी येते. वाचताना ती आपण सहसा ओलांडून जातो. परंतु त्या यादीत पुनःपुन्हा एकच गोष्ट येते : अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा. सोनार होते, गंधी होते, एकाच्या तर मुलीही राबत होत्या. पवित्र शास्त्राने त्यांची नावे जपून ठेवली. कोट असा उभा राहिला, प्रत्येकाच्या दारासमोरून.

लोधीखेड्याच्या किंवा आपल्या कोणत्याही गावच्या वाचकाने आज आपल्या दारात उभे राहून समोर पाहावे. समोरच्या घराचे कवेलू सरकले आहेत काय? जोत्यावर गवत वाढलेले एखादे अर्धे घर आहे काय? मृग येण्यास किती दिवस उरले आहेत? बेथलेहेमात ज्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्या पवित्र कुटुंबाला आपण दर नाताळात गव्हाणी सजवून देतो. त्यांना याहूनही आवडेल अशी एक जागा आपल्या समोरच्या घरात आहे, आणि तिच्यावर अजून छप्पर यावयाचे आहे.